औषधोपचार, तवक्कुल आणि फसवणूक




हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना 'सुनन अबू दाऊद'मध्ये आली आहे. काही सहाबा प्रवासात असताना त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर स्नान अनिवार्य झाले. अशा अवस्थेत मला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, तेव्हा सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांना समजली तेव्हा ते अतिशय संतप्त झाले. या लोकांनी त्याचा जीव घेतला, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, असा जाब त्यांनी विचारला आणि विचारणे हाच अज्ञानाचा उपचार असल्याचे समजावले.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे लक्षात घ्यावे. त्यांना धर्माज्ञा पाळली जावी असेच वाटत होते. तरीही ज्ञानाशिवाय दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी त्यांच्यावर आलीच.

ही घटना आठवण्यास कारण आपल्याच जिल्ह्यात घडले. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत माणसांचे केस मुळापासून गळू लागले. पिंपळगाव राजा ज्या खामगाव तालुक्यात येते, त्याला लागूनच हा तालुका आहे. पाहता पाहता 18 गावांतील 279 जणांना ही बाधा झाली. कोणाचे शिक्षण खंडित झाले, कोणाचा ठरलेला विवाह लांबणीवर पडला. प्रथम शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे तपास केला. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे द्रव्य वाढलेले असून ते शिधावाटप दुकानातील गव्हातून आले, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते; अधिक झाले की तेच विष ठरते. ते पोटात जाणे थांबले की केस बहुधा पुन्हा उगवतात. आता विचार करा. त्या आठवड्यांत एखाद्याने डोक्याला जडीबुटीचे तेल चोळले असते आणि महिन्याभराने केस आले असते, तर श्रेय कोणाला मिळाले असते? तेलालाच. तो मनुष्य शपथेवर सांगत फिरला असता, आणि ती शपथ खोटीही नसती. केवळ कारण चुकीचे असते. 'अमक्याला गुण आला' या साक्षीवर औषध विकत घेणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी.

योगायोग असा की 2008 साली अमेरिकेत हेच द्रव्य एका पूरक पेयातून लोकांच्या पोटात गेले होते. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पेयाच्या वेष्टनावर एका मात्रेत 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम लिहिले होते. तपासणीत 40,800 मायक्रोग्रॅम निघाले. 201 जण बाधित झाले. केस गळाले, नखे विद्रूप झाली. त्यांनी ते आजारासाठी घेतलेच नव्हते, निरोगी राहण्यासाठी घेतले होते.

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतील धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असे त्याला विचारले गेले. आजची रास डबीत बंद असते. तिच्यात हात घालणार कोण? त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि जो विक्रेता तिच्याकडे जाण्यास कां-कूं करतो, तो ओला भाग तळाशी ठेवत आहे असे समजण्यास हरकत नसावी.

डबीत काय काय निघते हेही ऐकावे. 2004 मध्ये बोस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. सांधेदुखीच्या 'हर्बल' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांच्या वारंवार पाहण्यात येते. दोन दिवसांत दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरतो, घरातील माणसे 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात. आतमध्ये मात्र साखर वाढत असते, हाडे ठिसूळ होत असतात.

शुद्ध वनस्पतीनेही अपाय होऊ शकतो. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असे म्हटले. मंत्रालयाचे म्हणणे खरे मानले तरी प्रश्न उरतोच. कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्याला हा फरक कळतो काय?

आता अधिक नाजूक विषयाकडे येतो. कलौंजी, मध, अजवा खजूर यांविषयीच्या सहीह हदीसींवर आमची श्रद्धा आहे. या आधारावर आजकाल 'तिब्बे नबवी'चे शिक्के मारलेली तेले आणि सफूफ विकले जातात, आणि शंका घेणाऱ्याला ईमानाची कमतरता असल्याचे सुनावले जाते. हे घोर अन्यायाचे आहे. कलौंजीची हदीस त्या कारखान्याच्या बाटलीविषयी नाही, तिच्या किमतीविषयी नाही, आणि मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन सोडावे असे तर ती मुळीच सांगत नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (स.) अजवा खजुराचा उल्लेख केलाच, आणि सोबत हारिस बिन कलदा या वैद्यकाच्या जाणकाराकडे जाण्यासही सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच हदीसमध्ये आहेत. आमचे विक्रेते त्यातील अर्धीच वाचून दाखवतात.

आणि शंका घेणे हे आमच्या पूर्वजांना परके नव्हते. औषध भेसळरहित असावे आणि त्याची कसोटी माणसावर व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे घडते ते माणसावर घडेलच असे नाही, हे इब्ने सीना यांनी आपल्या 'अल-कानून'मध्ये नोंदवले. बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब अत्तारांची औषधे तपासत असे. भेसळ ओळखण्याच्या युक्त्या त्या काळच्या हिस्बाच्या ग्रंथांत दिलेल्या आहेत. त्याला कोणी ईमानाची कमतरता म्हटले नाही.

याविषयी शरीअतचा नियमही स्पष्ट आहे. वैद्यकाचे ज्ञान असल्याची ज्याची ख्याती नाही, त्याने उपचार केला तर नुकसानीला तो जामीन राहील, असे अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांतील हदीसमध्ये आले आहे. म्हणून नोंदणीकृत युनानी हकीम आणि मोटारसायकलवर डबे घेऊन फिरणारा विक्रेता यांना एकाच तराजूत घालू नये. हकीमसाहेब नाडी पाहतात, नाव लिहून देतात, उद्या जाब विचारता येतो. दुसऱ्याचा फोन महिन्याने लागत नाही.

देशाचा कायदाही हेच म्हणतो. 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात 54 विकार दिले आहेत. मधुमेह, कर्करोग त्यांत आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. डबीवरचा चौदा अंकी खाद्य परवाना क्रमांक पाहून पुष्कळांचे समाधान होते. तो क्रमांक उत्पादकाला अन्न विकण्याची परवानगी असल्याचे सांगतो. रोग बरा होण्याची हमी त्यात नाही.

माझी विनंती आहे की अम्मी-अब्बांच्या उशाशी अशी काही डबी असेल तर रागावून ती फेकू नका. स्टेरॉइड असलेली पुडी एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवसांपासून चालू आहे ते सांगा. वडीलधारी माणसे डॉक्टरांपुढे हे लपवतात. त्यांना लाज वाटते.

आणि ज्या बांधवांच्या दुकानात आज असा माल मांडलेला आहे, त्यांनी पुरवठादाराकडे त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. अहवाल मिळाला नाही तर माल परत करावा, आणि ज्या ओळखीच्या गिऱ्हाइकांनी तो नेला आहे त्यांना घरी जाऊन सांगावे.