बियाफ्राच्या वेळी

नायजेरियाच्या पूर्व भागात इग्बो लोकांची वस्ती आहे. तिथल्या एखाद्या आजीला मुलांच्या जन्माची सालं विचारली, तर आकडे चटकन येत नाहीत. हा युद्धाआधीचा, ही युद्धानंतरची, असा हिशेब असतो. आणि मधला? तो बियाफ्राच्या वेळचा.

बियाफ्रा हे खरं तर एका देशाचं नाव. 30 मे 1967 रोजी तो नायजेरियातून फुटून निघाला आणि 15 जानेवारी 1970 रोजी संपला. अडीच वर्षांहून थोडं जास्त आयुष्य. टांझानिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट, झांबिया आणि हैती एवढ्यांनीच त्याला देश मानलं. आजच्या नकाशावर तो सापडत नाही. बोलण्यात मात्र आहे. फक्त तिथे तो आता ठिकाण राहिलेला नाही, काळ झाला आहे.

जागेचा काळ होणं आपल्याला परकं नाही. पुण्यात पानशेत म्हणजे धरण, आणि पानशेत म्हणजे ते फुटलं तो 1961 सालचा जुलै. जुन्या पेठांतली माणसं ‘पानशेतच्या आधी’ म्हणतात, तेव्हा त्यांना रस्ता सांगायचा नसतो. मोठं दुःख तारखेत मावत नाही. त्याला गावाचं नाव लागतं.

बियाफ्रा हा शब्द त्या देशाहून कितीतरी जुना. युरोपी खलाशांच्या नकाशांवर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या बेचक्यात बियाफ्राचं आखात होतं. त्या किनाऱ्यावरच्या बॉनी, कलबार अशा बंदरांतून पंधरा लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली. त्यांतले बरेच जण आतल्या मुलखातले इग्बो होते. ज्या पाण्याने पूर्वजांना दूर नेलं, त्याचंच नाव पुढे नातवंडांनी आपल्या देशाला दिलं.

देश वेगळा करावासा वाटला, त्याला कारण होतं. 1966 साली नायजेरियात दोन लष्करी बंडं झाली. त्याच वर्षी उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. जी माणसं वाचली, ती रेल्वेने, ट्रकने, मिळेल त्या वाटेने पूर्वेला परतली. जिथे जीव सुरक्षित नाही, ते आपलं घर कसं, असं त्यांना वाटलं. कर्नल ओजुक्वू यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा घोषणेमागे ही भीती उभी होती.

मग युद्ध झालं आणि नाकेबंदी झाली. अन्न आत येईना. 1968 साली पोटं फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या मुलांची छायाचित्रं जगभर छापली गेली. उली नावाच्या गावाजवळ हमरस्त्याचा एक पट्टा रुंद करून विमानतळ केलेला होता. रात्रीच्या अंधारात मदतीची विमानं घिरट्या घालत. उतरायची वेळ झाली की काही क्षण दिवे लागत. चाकं टेकली की पुन्हा अंधार. त्या विमानांतून सुका मासा, मीठ, दुधाची भुकटी येई. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. बहुतेक जण गोळीने नव्हे, भुकेने गेले.

जगाने त्या देशाचा एवढाच अर्थ लक्षात ठेवला. इटलीत पुढे कित्येक वर्षं हडकुळ्या माणसाला ‘बियाफ्राचा’ म्हणत. ज्यांनी हे नाव मोठ्या अभिमानाने घेतलं होतं, त्यांच्यापासून दूर कुठेतरी, जेवणाच्या टेबलावर ते असं वापरलं जात होतं. शब्द आपण ठेवतो. त्याचं पुढे काय होईल, ते आपल्या हाती नसतं.

बियाफ्राच्या एका पौंडाच्या नोटेवर तेलताडाचं झाड आहे. मागे सूर्य उगवतो आहे. चित्र साधं आहे, आशेचं आहे. देश संपला आणि ती नोट नुसता कागद झाली. नायजेरियाच्या बँकांत ज्यांचे आधीचे पैसे होते आणि ज्यांनी युद्धकाळात त्या खात्यांवर व्यवहार केले होते, त्यांना पुढे सरसकट वीस पौंड मिळाले. खात्यात कितीही असोत, हाती वीस.

युद्ध संपताना नायजेरियाचे प्रमुख जनरल गोवोन म्हणाले होते, कोणी जिंकलं नाही आणि कोणी हरलं नाही. हे वाक्य थोर आहे. सूडाची भीती सगळ्यांना होती, ती बरीचशी खरी ठरली नाही. तरी या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. कोणीच हरलं नाही असं ठरलं, की हरलेल्याने रडायचं कुठे? काही वर्षांत नायजेरियाने आखाताचंही नाव बदललं आणि ते बॉनीचं केलं. समुद्राला काही फरक पडला नाही. माणसांना पडला असावा.

नकाशावरून गेलेलं नाव मग घरात शिरलं. चिनुआ अचेबे या लेखकाने तो देश आतून पाहिला होता. त्या दिवसांच्या आठवणींचं पुस्तक मात्र त्यांनी 2012 साली काढलं, चाळीसहून अधिक वर्षांनी. पुढच्याच वर्षी ते गेले. चिमामांडा अडिची यांचा जन्म 1977 चा, म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा. त्यांचे दोन्ही आजोबा त्या युद्धात गेले. न पाहिलेल्या त्या देशावर त्यांनी कादंबरी लिहिली. झेंड्यावरचा अर्धा पिवळा सूर्य तिच्या नावात आहे. काही वारसे मृत्युपत्रात लिहिलेले नसतात.

पण हा शब्द सगळ्यांचा सारखा नाही. त्या देशाच्या सीमेत इजॉ, इफिक, इबिबिओ, ओगोनी असे इतरही लोक होते. किनारा बराचसा त्यांचाच होता. त्यांतल्या अनेकांना कोणी विचारलं नव्हतं. ओगोनी लेखक केन सारो-विवा तर युद्धात नायजेरियाच्या बाजूला गेले. पुढे 1995 साली त्याच नायजेरियाच्या लष्करी सरकारने त्यांना फाशी दिलं. एका नावाखाली आपण सुरक्षित नाही असं वाटून माणूस दुसरं नाव जवळ करतो. ते नाव तरी त्याला सांभाळतंच असं नाही.

आज नायजेरियात 15 जानेवारीला सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात, पांढरी कबुतरं सोडतात. पूर्वेकडे 30 मे रोजी अनेक ठिकाणी दुकानं बंद असतात. काहींसाठी बियाफ्रा ही पुन्हा एक मागणी आहे. तिच्यामागे आशा आहे, राग आहे, बंदी आहे, रक्तही सांडलं आहे. सरकारला त्या शब्दात फुटीचा आवाज ऐकू येतो. तो अगदीच खोटा आहे, असं म्हणता येणार नाही.

तरी हा शब्द उच्चारणारा प्रत्येक जण जमीन मागत नसतो. कुणी आपलं वय सांगत असतं. कुणी न परतलेल्या भावाविषयी बोलत असतं. माणसाच्या तोंडी असं एखादं नाव आलं, की तो काय मागतो आहे हे आपण आधी ताडायला बघतो. तो काय आठवतो आहे, ते आधी ऐकलं, तर कदाचित मागणीही नीट कळेल.