शिर प्रधान की धड?

वेताळपंचविशीतील शिरांच्या अदलाबदलीची कथा आम्ही पाठशाळेत सोमदेवाच्या कथासरित्सागरातून वाचली. नवरा आणि भाऊ दोघांनीही देवीपुढे शिरे वाहिली. देवी प्रसन्न झाली, पण बाईने घाईत एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवले. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, गात्रांत शिर प्रधान. नवऱ्याचे शिर ज्याच्या धडावर, तोच नवरा. आम्हां संस्कृत शिकलेल्यांना हे उत्तर भारी गोड. आमची सारी मिळकत डोक्यातच ना!

हीच कथा घेऊन थोमास मान या जर्मन लेखकाने १९४० साली कादंबरी लिहिली. हिटलरच्या राजवटीमुळे तो तेव्हा देश सोडून राहत होता. गिरीश कार्नाडांचे 'हयवदन' नाटक त्याच कादंबरीवरून आले. विजया मेहतांनी ते मराठीत केले. मानने भावाच्या जागी मित्र घातला. नवरा श्रीदमन ब्राह्मणकुळातला, विद्वान, अंगाने नाजूक. मित्र नंद लोहार नि गुराखी. तेथेही निवाडा शिराच्याच बाजूने होतो. पण पुढे विद्वान डोक्याखाली लोहाराचे दंड मऊ पडतात, आणि शेवटी तिघेही जिवानिशी जातात.

मी अडलो ते एका खुणेपाशी. नंदाच्या छातीवर मानने केसांचा शुभ भोवरा ठेवला आहे. हे तर श्रीवत्स, आपल्या विठुरायाच्या वक्षावरचे! ते विद्वानाला न देता घाम गाळणाऱ्याला दिले. आणि शिरे बदलली तरी ते धडापाशीच राहिले. हे त्याने समजून केले असे मला वाटते.

डोंगरकड्याच्या सप्ताहात एकदा मी राजाचे उत्तर सिद्धांत म्हणून ठोकून दिले. मागून एक म्हातारा उठला. "बुवा, चोखोबा कशावरनं वळखले? डोक्यावरनं का हाडांवरनं?" मी गजर लावून वेळ मारून नेली. लोकांना वाटले, बुवा रंगले.

मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. आपल्या नरसीचे नामदेवराय हाडांना कान लावीत बसले. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची म्हणून महाद्वारापाशी आणली. त्यांच्या जातभाईंना आत जाता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, तोवर ती बाहेरच.

कोणी शास्त्री म्हणेल, हाड जड, त्यात नाम कसले? बरे, मग शिर काय चेतन आहे? तीही कवटीच. आत्म्याच्या दृष्टीने शिर आणि पाय दोन्ही देहच, हे आम्हीच शिकवतो, आणि मान द्यायची वेळ आली की शिर आधी काढतो.

एवढे सुचायला मला बारा वर्षे लागली. तो म्हातारा आता नाही. त्याचा नातू माझ्या मागे पखवाजाला असतो. येत्या सप्ताहात ही कथा त्याच्यासमोर पुन्हा लावायची आहे, आणि राजाच्या उत्तरापाशी थांबायचे नाही.