हिरव्या पिशवीतला प्रश्न

नवी मुंबईतल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात आणखी दहा-पंधरा पिशव्या कोंबलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच दिसायला कापडी. हाताला जरा खरखरीत, बाहेर दुकानाचं नाव आणि शेजारी एखादं हिरवं पान. ही पिशवी विणलेली नसते. पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने दाबून तिचं ‘कापड’ केलेलं असतं. गरम इस्त्री टेकवली तर ती वितळते. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा बंदीच्या यादीत हिचंही नाव होतं. पुढे केंद्राच्या नियमांनी तिला अट घातली, की दर चौरस मीटरला वजन किमान ६० ग्रॅम हवं. म्हणजे नियमांच्या लेखी ती प्लास्टिकच. फक्त आपल्या डोळ्यांना ती कापडी वाटते.

गंमत म्हणजे इथे कुणीच खोटं बोललेलं नाही. ‘मी कापडाची आहे’ असं पिशवीवर कुठेही लिहिलेलं नाही. पान छापायला बंदी नाही. दुकानदाराने पिशवी विकली, आपण पैसे मोजले आणि प्लास्टिक टाळल्याचं समाधान घेऊन घरी आलो. मग फसवणूक झाली का? झाली असेल तर कुणी केली?

साधं उत्तर असं, की कायदा कडक करा. तो झालाही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ‘पर्यावरणपूरक’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द आता नुसते वापरता येत नाहीत. दावा नेमका कशाबद्दल आहे ते सांगावं लागतं, पुरावा ठेवावा लागतो आणि सविस्तर माहिती जाहिरातीतच किंवा क्यूआर कोडमागे द्यावी लागते. हे चांगलंच झालं. पण कायदा खोटं पकडू शकतो. पूर्ण खऱ्या वाक्याने होणारी दिशाभूल पकडणं त्याला जड जातं.

‘कंपोस्टेबल’ पिशवीचंच बघा. प्रमाणित असेल तर तिचं खत होतं हे खरं आहे. मात्र ती चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला, ओलावा आणि हवा नीट सांभाळून घेतलेली असते. आमच्या धंद्यात याला एक जुना विनोद आहे: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ कोड लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतं, ग्राहकाकडे गेल्यावर कोसळतं. यातही कुणी खोटं बोललेलं नसतं. तसंच ही पिशवी प्रयोगशाळेत विरघळते, पण मिसळलेल्या कचऱ्यातून तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर गेली तर तिथे ५८ अंशांची काळजी घ्यायला कुणी बसलेलं नसतं. दावा पिशवीबद्दल खरा आहे. ती ज्या व्यवस्थेत जाते तिच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

इथे अनेक जण म्हणतील, पूर्वीचंच बरं होतं. जुन्या साड्यांची गोधडी, रद्दीवाला, जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, भाजीला घरची शिवलेली पिशवी. कुठलंही लेबल नव्हतं आणि वाया काही जात नव्हतं. खरं आहे. पण हे आठवताना गोधडी कोण शिवायचं तेही आठवावं. माझे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. पोती उचलून त्यांनी आम्हाला शिकवलं. आईने साताऱ्याकडच्या गावात आणि नंतर कोपरखैरण्याच्या छोट्या घरात कितीतरी गोधड्या घातल्या. तिला कुणी ‘तुम्ही किती शाश्वत जगत होता’ म्हटलं तर ती हसेल. ब्लँकेट परवडत नव्हतं म्हणून गोधडी होती. परवडायला लागलं तेव्हा तिने ते घेतलं, आणि तो आमच्या घरातला आनंदाचा दिवस होता.

म्हणूनच ‘कमी विकत घ्या’ हा सल्ला मला पूर्ण पचत नाही. ज्याचं सगळं घेऊन झालंय त्याने, ज्याचं आता कुठे घेणं सुरू झालंय त्याला संयम शिकवायचा, यात काहीतरी ओशाळवाणं आहे. आपल्या देशात लाखो घरं पहिल्यांदाच फ्रिज घेत आहेत, पहिल्यांदाच एसीचा विचार करत आहेत. त्यांच्यापुढे नैतिकता ठेवायची तर ती चैनीची वस्तू असून चालणार नाही. आज हिरवं लेबल म्हणजे बहुतेकदा चार पैसे जास्त. ज्याच्याकडे ते चार पैसे आहेत तो सद्गुणी आणि नाहीत तो बेफिकीर, असा हिशेब होणार असेल तर ती नीती नाही, ती ऐपत झाली.

मग याहून बरं लेबल असू शकतं का? असू शकतं, आणि ते आपल्या घरातच आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे २००६ मध्ये सुरू झाले. आज फ्रिज आणि एसीवर ते सक्तीचे आहेत. तिथे पान नाही, पक्षी नाही, विशेषण नाही. वर्षाला किती युनिट वीज लागेल हा आकडा आहे. शेजारच्या फ्रिजशी तो ताडून बघता येतो. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे काल पाच ताऱ्यांचं असलेलं मॉडेल उद्या चारवर येऊ शकतं. आईने फ्रिज घेताना आधी तारे मोजले. पृथ्वीसाठी नाही, बिलासाठी. आता विचारा, तिचा हेतू पर्यावरणाचा नव्हता म्हणून तिच्या कृतीचं मोल कमी झालं का? हवेच्या दृष्टीने काडीचंही नाही.

याउलट ‘इकोमार्क’ बघा. १९९१ मध्ये आला, चिन्ह होतं मातीचा घडा. कंपन्यांसाठी ऐच्छिक. तेहतीस वर्षांनी, २०२४ मध्ये, सरकारने त्याचे नवे नियम काढले. मधल्या काळात तुम्ही तो घडा दुकानात कधी पाहिल्याचं आठवतं का? एक लेबल चांगल्या मनावर विसंबून राहिलं, दुसऱ्याने दुकानाचेच नियम बदलले.

मला वाटतं, हिरव्या जाहिरातीची खरी अडचण खोटेपणा ही नाहीच. ती आपल्याला फक्त ग्राहक समजते. प्रश्न असतो नदीचा, कचऱ्याचा, शहराचा. ती त्याचं रूपांतर ‘हे घेऊ की ते?’ यात करते. आपण निवडतो, पैसे देतो आणि मनातला प्रश्न तिथेच मिटतो. पिशवी विकली जातेच, तिच्याबरोबर आपली अस्वस्थताही दुकानात जमा होते.

आमच्या शहराकडेच बघा. नवी मुंबई स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते. चौकांत फ्लेमिंगोंचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. हेही एक लेबलच. पण २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत नेरूळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात खरे फ्लेमिंगो मरून पडले. तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आहेत, अशी तक्रार पर्यावरणप्रेमी करत होते. त्या पाण्यासाठी लोकांनी काय विकत घेतलं? काहीच नाही. त्यांनी पत्रं लिहिली, तक्रारी केल्या, रस्त्यावर उभे राहिले. तिथे ‘इको’ पर्याय निवडायला कुठलं शेल्फच नव्हतं. तिथे लोक ग्राहक नव्हते, नागरिक होते.

म्हणून लेबल वाचायचं सोडा असं मी म्हणणार नाही. वाचा, क्यूआर कोड स्कॅन करा, आकडा मागा. पण निवड करून झाल्यावर काम संपलं असं मानू नका. कंपोस्टेबल पिशवी घेतलीत, तर ती शेवटी जाते कुठे हे सोसायटीच्या सभेत आणि महापालिकेला विचारा. दुकानदाराने कापडी दिसणारी पिशवी पुढे केली, तर ती कशाची आहे ते विचारा. हे प्रश्न विचारायला चार पैसे जास्त लागत नाहीत. माथाडीच्या घरातूनही ते विचारता येतात आणि मॉलमधूनही. कदाचित म्हणूनच त्यांची जाहिरात कुणी करत नाही.