ठरलेले शब्द, ठरलेला क्रम

वैदिक मंत्रांना अर्थ नसतो हे कौत्स या आचार्याचे मत यास्काने निरुक्त या वेदांतील शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात नोंदवले, ते खोडून काढण्यासाठी. कौत्साचा एक मुद्दा असा, की मंत्रातले शब्द ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला. मग म्हणणारा काही सांगतो आहे असे का मानावे? स्वमग्न मुलांच्या बोलण्यावर आजही हाच आक्षेप येतो. ऐकलेले वाक्य मूल जसेच्या तसे म्हणते, म्हणून ती पोपटपंची. यास्काचे उत्तर असे, की ठरलेला क्रम रोजच्या बोलण्यातही असतो. ठरलेले शब्दही असतात: घराबाहेर पडताना आपण ‘येतो’ म्हणतो, पाय दाराकडे असतात आणि शब्द उलट्या दिशेचा, तरी त्याला कोणी निरर्थक म्हणत नाही.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४६ च्या लेखात पॉल नावाच्या स्वमग्न मुलाचे एक वाक्य दिले आहे: कुत्रा बाल्कनीतून टाकू नकोस. आसपास ना कुत्रा, ना बाल्कनी. चौकशीत कळले, की लंडनच्या एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा खाली टाकत होता आणि वैतागलेल्या आईने हे वाक्य उच्चारले होते. तेव्हापासून काहीही फेकायची ऊर्मी आली की तो याच शब्दांनी स्वतःला आवरी. कोणता मंत्र कोणत्या कर्मात म्हणायचा याला विनियोग म्हणतात. पॉलच्या वाक्याचा विनियोगही तितकाच नेमका होता. तहान लागलेले मूल ‘तुला पाणी हवंय का?’ म्हणते तेही असेच. ‘मला’ऐवजी ‘तुला’ आले, म्हणून त्यात ‘मी’ हरवलेला नसतो. पाणी मिळते त्या वेळचे वाक्य अख्खे उचललेले असते.

यावर कोणी म्हणेल, की अशाने प्रत्येक पुटपुटण्यात अर्थ काढता येईल. धोका खरा आहे. प्रिझंट आणि डुकन या संशोधकांनी १९८१ मध्ये चार स्वमग्न मुलांचे प्रतिध्वनी, म्हणजे ऐकलेल्या बोलण्याची पुनरुक्ती, तपासले, तेव्हा पाळी घेणे, होकार देणे, मागणी करणे अशी कामे सापडली, तशी कोणाला उद्देशून नसलेली पुनरुक्तीही सापडली. पण हा निवाडा त्यांनी मुलाची नजर, हावभाव, पुढची कृती पाहून केला. वाक्य उसने आहे एवढ्यावरून नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: मंत्राचा विनियोग परंपरेला ठाऊक असतो, मुलाचा त्याच्यापुरता, मग ती भाषा कसली? परंतु पॉलचे वाक्य तो आणि त्याची आई या दोघांमध्येच जन्मले होते, आणि दुसरी व्यक्ती हयात होती. कॅनर यांना बाल्कनी सापडली ती पॉलच्या आईकडून.