ग्रंथाची शिफारस आणि वाचकाचा अधिकार

एका वाचकाने दुसऱ्याला पुस्तक सुचवणे ही वाङ्मयव्यवहारातील सर्वांत निरुपद्रवी कृती मानली जाते. समीक्षा, पुरस्कार आणि पाठ्यक्रम यांच्यावरून जितके वाद झाले तितके तिच्यावरून झालेले नाहीत, कारण तिच्यात कोणाचे काही बिघडते असे कोणाला वाटत नाही. तरीही तिच्या पोटात एक पेच आहे. सुचवणाऱ्याने आपल्या मते श्रेष्ठ असलेला ग्रंथ सुचवावा, की समोरच्या वाचकाला मानवेल असा? पहिला मार्ग धरला तर वाचक कोण हा प्रश्नच उरत नाही, एकच यादी छापून सर्वांना वाटली तरी चालेल. दुसरा धरला तर वाचक कोण हे सुचवणाऱ्याला आधीच कळले आहे असे गृहीत धरावे लागते. शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडण्याची रीत आहे; येथे, ग्रंथपाल आणि आक्षेपक यांच्या पुढील संवादात, क्रम उलटा आहे, कारण प्रत्यक्षातही शिफारस आधी घडते आणि आक्षेप, घेतला गेलाच तर, मागून येतो.

ग्रंथपाल : दुसऱ्या मार्गाविषयी शंका असू नये. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांपैकी दुसरे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते आणि तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठाचा उल्लेख नाही, जुळणीचा आहे. स्थळ सुचवणारा जसा दोन्ही घरे पाहून मगच शब्द टाकतो, तसेच हे काम आहे.

आक्षेपक : दृष्टान्त आपणच दिला, तेव्हा तो पुरता पाहू. स्थळ सुचवणारा दोन्ही घरे पाहतो म्हणजे नेमके काय पाहतो, हे आपल्या समाजात कोणाला समजावून सांगायला नको. पुस्तकांच्या बाबतीतही तेच घडते. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेल्या मुलाच्या हाती लगेच ‘कोसला’ ठेवले जाते, कारण त्यातला पांडुरंग सांगवीकरही तसाच आला होता. दलित वस्तीतून आलेल्या मुलाला ‘बलुतं’ सुचवले जाते आणि संसारी बाईला ‘स्मृतिचित्रे’. तिन्ही ग्रंथ मोठे आहेत यात वाद नाही. पण या तिघांपैकी एकालाही ‘रणांगण’ का सुचवले जात नाही? त्यातल्या, बोटीवर भेटलेल्या हॅर्टाशी आणि चक्रधराशी त्यांचे काही नाते जुळणार नाही, हे कोणी ठरवले? आवड ओळखण्याच्या नावाखाली आपण जात, गाव आणि लिंग ओळखता, आणि त्यावरून कपाट उघडता.

ग्रंथपाल : हा आरोप फार सोपा आहे. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्यापूर्वीच्या मराठी ललित साहित्यात वस्तीतल्या वाचकाला आपल्या जगण्याचे आतून केलेले चित्रण किती सापडत असेल, याचा विचार व्हावा. असा ग्रंथ आता आहे, एवढेही त्याला कोणी सांगू नये काय? ‘बलुतं’ प्रकाशित करणाऱ्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हणवले, याचा अर्थच असा की ग्रंथ योग्य हाती पोचवणे हे ग्रंथ छापण्याइतकेच मोलाचे काम मानले गेले.

आक्षेपक : ग्रंथ आहे असे सांगणे ही माहिती झाली, शिफारस नव्हे. माहिती सर्वांना सारखी देता येते. ‘बलुतं’ सदाशिव पेठेतल्या वाचकाला सुचवताना ते वाचलेच पाहिजे असे सांगितले जाते, आणि वस्तीतल्या वाचकाला सुचवताना ते तुमचेच आहे असे. पहिल्यावर ते कर्तव्य म्हणून लादले जाते, दुसऱ्यावर वारसा म्हणून. उत्तम आत्मकथन म्हणून, त्यातल्या भाषेसाठी, ते दोघांपैकी कोणालाच सुचवले जात नाही.

या ठिकाणी ग्रंथपालाची बाजू काहीशी उघडी पडते, कारण कारण सांगून केलेल्या शिफारशीतसुद्धा खरे कारण पुष्कळदा पुस्तकाविषयी नसून माणसाविषयी असते, आणि ते बोलून दाखवण्यासारखे नसते. पण आक्षेपक एवढ्यावर थांबत नाही. तो प्रश्न मागे, परंपरेच्या एका जुन्या संकल्पनेपर्यंत नेतो.

आक्षेपक : वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभी अनुबंधचतुष्टय सांगितलेले असते, म्हणजे ग्रंथाचा विषय, त्याचे प्रयोजन, ग्रंथ आणि विषय यांचा संबंध, आणि ग्रंथाचा अधिकारी, अर्थात तो ग्रंथ वाचण्यास पात्र कोण. आपली जुळणी म्हणजे या अधिकाराचे नवे रूप आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो हा अडसर दूर करण्यासाठी. आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत पोथीत पुष्कळ पाठभेद शिरलेले होते. ते कोणाच्या हातून शिरले? ज्यांना ती पोथी कोणी निवडून सुचवली असेल असे मानायला आधार नाही, अशा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या हातून.

ग्रंथपाल : अधिकार जन्मावर ठरवणे आणि तयारीवर ठरवणे यांत भेद आहे, आणि आपण तो पुसून टाकत आहात. तेरा वर्षांच्या मुलाला जी. ए. कुलकर्णी यांच्या रूपककथा न देता काही वर्षे थांबण्यात जातिभेद नाही. जन्म बदलत नाही, तयारी बदलते.

आक्षेपक : तयारी मोजतो कोण? ज्याला अजून अवकाश आहे असे म्हणून एखादे पुस्तक दिले गेले नाही, तो वाचक आपण त्या पुस्तकाला तयार होतो हे सांगण्यासाठी कधीच परत येत नाही, कारण ते पुस्तक आपल्यापासून राखून ठेवले गेले हेच त्याला ठाऊक नसते. दिलेले पुस्तक आवडले नाही तर सुचवणाऱ्याची चूक उघड होते. न दिलेल्या पुस्तकाची चूक कधीच उघड होत नाही. म्हणून अनुभवी सुचवणाऱ्याला वर्षागणिक आपला अंदाज अधिक अचूक होत चालल्याचा भास होतो.

या आक्षेपाला ग्रंथपालाजवळ सरळ उत्तर नाही, आणि ते कोणाजवळ असेल असेही वाटत नाही. वैद्याने न दिलेले औषध रोग बळावल्यावर ध्यानात येते. न वाचलेल्या पुस्तकाची उणीव तशी शरीरावर दिसत नाही. ज्या निर्णयाचे अपयश दिसू शकत नाही त्या निर्णयातून कोणी शहाणा होत नाही, मग तो कितीही वर्षे देवघेव विभागात, म्हणजे पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर, बसलेला असो. ग्रंथपालाने यावर एकच बचाव केला, की न सुचवणेही निर्दोष नसते. आणि त्यासाठी त्याने अकस्मात निराळाच हिशेब पुढे केला.

ग्रंथपाल : पंधरवड्याला एक पुस्तक बदलणारा सभासद वर्षाला सुमारे चोवीस आणि पन्नास वर्षांत सुमारे बाराशे पुस्तके वाचतो, आणि हा नेटाचा वाचक झाला. एखाद्या मध्यम ग्रंथालयाचा संग्रहदेखील याच्या अनेक पटींनी मोठा असतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हे रंगनाथन यांचे चौथे सूत्र आहे. ज्याने काही वाट चाललेली आहे त्याने गप्प बसणे म्हणजे तटस्थता नव्हे. त्या बाराशेंतली काही पुस्तके दर्शनी फळीवर जे असेल त्याच्या स्वाधीन करणे होय.

आक्षेपक : बाराशेंपैकी एक जागा मागणे ही लहान मागणी नव्हे, हे आपल्याच हिशेबाने सिद्ध झाले. आणि ती मागितल्यावर आपण पंधरा दिवसांनी विचारता, की कसे वाटले. त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारे वाचक किती? पुस्तक कंटाळवाणे वाटले असे सांगणे म्हणजे सुचवणाऱ्याच्या रुचीला नावे ठेवणे होते, म्हणून चांगले आहे असे म्हणून वाचक सुटका करून घेतो, आणि पुढच्या वेळी त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक त्याच्या गळ्यात पडते.

ग्रंथपाल : मग विचारूच नये?

आक्षेपक : विचारू नये. सुचवावे, पुस्तकाविषयीचे कारण सांगावे, आणि विषय सोडून द्यावा. आणि दुसरे, हे त्याहून अवघड आहे : ज्या वाचकाशी पुस्तक अजिबात जुळणार नाही असे वाटते, त्यालाही ते अधूनमधून सुचवावे, केवळ आपला अंदाज चुकण्याला जागा राहावी म्हणून.

ग्रंथपालाला यातले पहिले मान्य झाले, दुसरे झाले नाही. हेतुपुरस्सर न जुळणारे पुस्तक देणे म्हणजे वाचकावर प्रयोग करणे, असे त्याचे मत कायम राहिले, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पेच सुटलेला नाही. मात्र दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट निष्पन्न होते, ती अशी की जेथे वाचकाला शिफारशीवाचून दुसरी वाट नाही तेथे शिफारस अधिकार गाजवू लागते, आणि जेथे तो स्वतः कपाटापर्यंत जाऊ शकतो तेथे ती एका वाचकाचे दुसऱ्याशी झालेले बोलणे एवढीच राहते. ग्रंथालयशास्त्रात या दुसऱ्या व्यवस्थेला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. पुस्तके हरवतील ही तिच्यावरची नेहमीची हरकत खरी आहे, पण ती पुस्तकांच्या मोजदादीची हरकत आहे, वाचनाची नव्हे. ज्या ग्रंथालयांत अजूनही यादीतून नाव शोधून खिडकीवर पुस्तक मागावे लागते, त्यांच्या कार्यकारी मंडळांनी निदान ललित साहित्याची कपाटे तरी सभासदांसाठी उघडी करावीत.