मताधिकाराला वय किती असावे?

गेल्या महिन्यात आमच्या कामरेजच्या घरी तरुण संघाची बैठक भरली होती. गीते झाली, प्रार्थना झाली, चहा आला, आणि निवडणुकीच्या गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक मुलगा म्हणाला, "काका, दुकानात साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग मी करतो. खोलीचं भाडं माझ्या पगारातून जातं. मग मला मत का नाही?" त्याचे वय सोळा वर्षे काही महिने. मोठी माणसे हसली. खरे सांगायचे तर मीही हसलो. कोणीतरी "आधी मिसरूड तर फुटू दे" असे म्हणाले आणि विषय तेथेच संपला.

रात्री मात्र मला ते हसणे बोचू लागले. त्याने विनोद केला नव्हता, प्रश्न विचारला होता, आणि आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या देशात अठरा ही मर्यादा काही सनातन नाही. घटनेच्या ३२६ व्या कलमात मुळात एकवीस वर्षे होती. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती मंजूर केली, २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वयाच्या मुलामुलींनी प्रथमच मत दिले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो.

परंतु गुजरातेत राहणाऱ्याला हा प्रश्न १९८८ च्याही आधीपासून ओळखीचा असावा. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात जेवणाचे दर वाढले. त्यावरून विद्यार्थी उठले. पाहता पाहता महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्धचे नवनिर्माण आंदोलन राज्यभर पसरले. गोळीबार झाले, माणसे मेली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी चिमणभाई पटेल यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि पुढे विधानसभाही बरखास्त झाली. जून १९७५ मध्ये नवी निवडणूक झाली तेव्हा त्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची एकवीस वर्षे भरली नव्हती, त्यांना मतदानकेंद्राच्या दारातून आत जाण्याचा हक्क नव्हता. ज्यांनी सरकार खाली उतरवले त्यांना नवे निवडता येईना! दगड मारण्याला वयाची अट नसते, शिक्का मारण्याला असते. मला वाटते, ज्या समाजात तरुणाला बोलण्याचा सनदशीर मार्ग उशिरा मिळतो तेथे तो दुसरा मार्ग लवकर शोधतो.

असो. १९८८ ची दुरुस्ती योग्यच झाली. पण तिच्यासाठी दिलेले कारण मला कधी पटले नाही. आजचे तरुण शिकलेले आहेत, राजकीय दृष्ट्या जागृत आहेत, असे ते कारण होते. मग जो शिकलेला नाही त्याचे काय? उसाच्या तोडीला डांग आणि नंदुरबारकडून दरवर्षी जी अठरा-एकोणीस वर्षांची पोरे आमच्या भागात येतात, त्यांतील कित्येकांनी शाळा अर्धवट सोडलेली असते. ज्ञान हाच निकष धरला तर त्यांचा हक्क आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

ह्या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी स्पष्ट भूमिका घेतली होती. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताच्या समितीतील इतर सभासदांशी मतभेद होऊन त्यांनी मे १९२९ मध्ये आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. अक्षरज्ञानाची अट त्यांनी मानली नाही. मत हे शहाणपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे. ज्या समाजात आपण राहतो त्याच्या अटी ठरवण्यात आपलाही वाटा असावा यासाठी ते आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. ती निवडणूक पार पडली आणि लोकशाही टिकली.

तेव्हा "पोराला काय कळते" हे उत्तर बाद झाले. कळण्याची परीक्षा घ्यायची ठरली तर आमच्या बैठकीत हसलेल्यांपैकी निम्मे नापास होतील, मी त्यांत नसेन असे खात्रीने सांगवत नाही.

दुसरे उत्तर असे की सोळा वर्षांचा मुलगा परावलंबी असतो. बाप सांगेल किंवा शेठ सांगेल तिकडे तो मत देईल. ह्यात तथ्य आहे. पण स्त्रियांविषयी आणि सालदारांविषयीही लोक एके काळी हेच म्हणत. शिवाय आमच्या प्रश्नकर्त्याच्या घरात कोण कोणावर अवलंबून आहे, हे भाड्याच्या पावतीवरून ठरवायचे झाले तर उत्तर वेगळेच येईल.

मग वयाची रेषा हवीच कशाला? येथे मला पवित्र शास्त्रातील एक लहानशी गोष्ट उपयोगी पडली. उपदेश तयार करताना याद्यांचे अध्याय आपण चटकन उलटतो, म्हणून ती नजरेतून सुटते. गणनाच्या चौथ्या अध्यायात लेव्यांच्या सेवेचे वय तीस आहे, आठव्यात पंचवीस आहे, आणि पहिल्या इतिहासाच्या तेविसाव्या अध्यायात दाविदाच्या काळी ते वीस होते. कारणही तेथेच दिले आहे: निवासमंडप आणि त्याचे सामान खांद्यावरून वाहून नेण्याचे काम आता उरले नव्हते. म्हणजे माणसे अधिक शहाणी झाली म्हणून वय उतरले नाही. ओझे बदलले म्हणून उतरले.

(तरुणांच्या विरोधात रहबामाचा दाखला नेहमी दिला जातो. वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून त्याने तरुणांचे ऐकले आणि राज्य फुटले. पण राज्यावर आला तेव्हा रहबाम एक्केचाळीस वर्षांचा होता आणि ते "तरुण" त्याच्याबरोबरच वाढलेले होते. तो दाखला माझ्या वयाच्या लोकांनी जपून वापरावा.)

तर विचारायचे ते हे की सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आज कायदा कोणते ओझे ठेवतो. पाहिल्यावर मी अस्वस्थ झालो. चौदा पुरी झाली की धोक्याची कामे सोडून तो मजुरी करू शकतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल तर प्राथमिक चौकशीनंतर त्याला प्रौढासारखे न्यायालयापुढे उभे करता येते. घाम गाळायला तो मोठा, शिक्षेला प्रसंगी मोठा, आणि मताला मात्र लहान! दुसऱ्या टोकाला, अठरा वर्षांचा मुलगा देशाचे सरकार निवडू शकतो, पण एकवीसपर्यंत त्याला बायको करता येत नाही.

ही विसंगती काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मताचे वय सोळावर आणावे. ब्राझीलने १९८८ च्या घटनेत सोळा-सतरा वयाच्यांना ऐच्छिक मत दिले, ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळा केले, ब्रिटनच्या सरकारने २०२५ मध्ये तसा इरादा जाहीर केला. दुसरा, बाकीची ओझी अठरावर न्यावीत. माझा कौल दुसऱ्याला आहे. सोळाव्या वर्षी मत दिले की आपल्याकडे त्याबरोबर झेंडा, मोटारसायकल आणि रात्रीचे जेवणही येईल. शाळेच्या फाटकाशी प्रचारक उभे राहतील. जो थोडासा आडोसा बालपणाला उरला आहे तोही जाईल. मुलाला मत देऊन त्याचे मजूर असणे पक्के करण्यापेक्षा त्याला दोन वर्षे वर्गात बसू द्यावे.

पण हे म्हणताना एक देणे आपल्या अंगावर येते. त्याला मत नाही, तर त्याच्या वतीने ते आपल्यापाशी ठेव म्हणून आहे. आणि ठेवीचा हिशेब आम्ही कसा ठेवला?

माझेच सांगतो. मी पहिले मत १९९९ मध्ये दिले. राहत होतो सुरतेकडे, नाव होते खानदेशातल्या गावी. एका उमेदवाराच्या माणसांनी गाडी पाठवली. आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसून गेलो, जेवलो, मत दिले, परत आलो. मतदारांची अशी फुकट वाहतूक करणे हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. तेव्हा ती सहलच वाटली होती. माझ्या त्या मतात माझा किती भाग होता? एकोणीस वर्षांच्या मला हक्क होता, पण तो सोळा वर्षांच्या मुलाइतकाही माझा नव्हता.

अजूनही आमच्यातील पुष्कळांची नावे गावाकडेच आहेत. वास्तविक जेथे आपण नेहमी राहतो तेथे नाव नोंदवता येते, आणि एकाच ठिकाणी ठेवता येते. येथील पाणी, गटार, शाळा यांवर आमचा दिवस चालतो, आणि मत आम्ही देतो दीड-दोनशे किलोमीटरवरच्या गावासाठी.

शिवाय वय भरूनही मत मिळतेच असे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या सुरत मतदारसंघात एका उमेदवाराचा अर्ज बाद झाला, इतरांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिल रोजी उरलेला एक बिनविरोध निवडून आला. आमचे कामरेज बारडोली मतदारसंघात असल्याने आम्ही ७ मे रोजी मत दिले. पण सुरत मतदारसंघात त्या वर्षी ज्यांनी अठरा पुरी केली त्यांच्या बोटाला शाई लागली नाही. वयाचा वाद घालताना हे विसरून चालणार नाही.

त्या मुलाला मी नंतर भेटलो आणि हसल्याबद्दल क्षमा मागितली. येत्या काही महिन्यांत तो सतरा पुरी करील. आता सतरा पुरी झाल्यावर आगाऊ अर्ज देता येतो आणि अठरा भरताच वर्षातील चार तारखांपैकी पुढच्या तारखेला नाव यादीत येऊ शकते, हे त्याला सांगितले. त्याने लगेच विचारले, "पत्ता कोणता लिहू?" त्याच्या वडिलांना गावाचा हवा आहे, त्याला कामरेजचा. रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघे बसणार आहोत.