फेरफार राहून गेला

आमच्या गावाकडच्या दीड एकराचा फेरफार अकरा वर्षं राहून गेला होता. वडिलांनी जमीन घेतली, खरेदीखत नोंदवलं, पेढे वाटले; सातबाऱ्यावर नाव मात्र जुन्याच मालकाचं. लबाडी कोणाचीच नव्हती. ते काम दुसऱ्याने केलं असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं, एवढंच. 2025च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस काउंटीची बातमी वाचली आणि मला तो दीड एकर आठवला.

त्याआधीच्या ऑक्टोबरात मी तिथे पुतण्याकडे होतो. घरी टपालाने मतपत्रिका आलेली. राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात, मग न्यायाधीश, राज्याचेच दहा प्रस्ताव, आणि त्या गर्दीत काउंटीचा ‘मेझर जी’. पुतण्या जेवणाच्या टेबलावर काळ्या पेनने एकेक गोल भरत होता. ‘जी’पाशी येऊन म्हणाला, “काका, हे जरा वाचा ना. माझं डोकं बंद पडलंय.”

मी वाचलं. काउंटीची सनद बदलायचा तो प्रस्ताव होता.

होमरूल म्हटलं की आपल्याला 1916 आणि टिळक आठवतात. अमेरिकेत हा शब्द गावगाड्याच्या पातळीवर उतरतो. शहर काय, काउंटी काय, ही राज्याची लेकरं. राज्य देईल तेवढाच त्यांचा अधिकार, असा दंडक आयोवाच्या जॉन डिलन या न्यायाधीशाने 1868 मध्ये घालून दिला. त्यावरचा उतारा म्हणजे होमरूल सनद: आपल्या कारभाराची घडी स्थानिक मतदारांनीच लिहायची आणि बदलायची तीही त्यांनीच. लॉस एंजेलिस काउंटीने 1912 मध्ये अशी सनद मंजूर केली. काउंटीच्या पातळीवर देशातली ती पहिली. मुंबई महापालिकेचा 1888 चा कायदा बदलायचा तर विधिमंडळात जावं लागतं, मुंबईकराला कोणी विचारत नाही. तिथे विचारल्याशिवाय पानच हलत नाही.

त्या सनदेने कारभाराला पाच सुपरवायझर ठेवले आणि ते पाचच राहिले. आज काउंटीत 88 शहरं आणि सुमारे 1 कोटी माणसं आहेत. म्हणजे एकेका सुपरवायझरमागे 20 लाख, आपल्याकडचा लोकसभा मतदारसंघच म्हणा. कायदे तेच करणार, अंमलबजावणीवर देखरेख तेच ठेवणार आणि मुख्य अधिकारीही तेच नेमणार. लोक त्यांना ‘पाच छोटे राजे’ म्हणत. 2020 मध्ये पाचही जागांवर बायका आल्या, त्यामुळे राण्या म्हणायला हवं. संख्या वाढवायचे प्रस्ताव 1992 आणि 2000 मध्ये मतदारांनी धुडकावले होते. राजकारण्यांची संख्या वाढवा म्हटलं की लोकांचा हात आखडतो, हे सगळीकडे सारखंच.

‘मेझर जी’ म्हणत होता: पाचाचे नऊ करा, 2028 मध्ये मुख्य कार्यकारी थेट लोकांतून निवडा, स्वतंत्र नीतिमत्ता आयोग नेमा. पाचपैकी दोघी सुपरवायझर याला राजी नव्हत्या. मला नऊ पटले. तरी एकेकामागे 11 लाख उरतातच. थेट निवडलेला कार्यकारी पटला नाही. 1 कोटी लोकांपर्यंत पोहोचायचं तर टीव्ही लागतो, टीव्हीला पैसा लागतो, आणि पैसा देणारा नंतर दार ठोठावतोच. पुतण्याने माझं ऐकून घेतलं आणि ‘होय’वर गोल भरला. प्रस्ताव 51 टक्क्यांच्या थोडा वर जाऊन पास झाला.

आता दीड एकर का आठवला ते. 2020 मध्ये, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या उद्रेकात, याच मतदारांनी ‘मेझर जे’ 57 टक्क्यांनी मंजूर केला होता. काउंटीच्या स्वतःच्या, बंधन नसलेल्या उत्पन्नापैकी किमान 10 टक्के घरं, रोजगार, उपचार आणि तुरुंगाला पर्याय यांवर खर्च करायचे. तुरुंग-पोलिसांना त्यातला छदाम नाही. खालच्या कोर्टाने तो 2021 मध्ये रद्द केला, वरच्या कोर्टाने 2023 मध्ये जिवंत केला. या सगळ्यात सनदेच्या प्रतीत ते कलम चढवायचं राहून गेलं. मग ‘जी’ लिहिणाऱ्यांनी समोरची प्रत घेतली, तो भाग नव्याने लिहिला आणि जुन्याच्या जागी ठेवला. 2028 मध्ये नवा मजकूर लागू झाला की ‘जे’ आपोआप पुसला जाणार, हे मतदानानंतर कित्येक महिन्यांनी लक्षात आलं. आणून दिलं तेही सुधारणा राबवण्यासाठी नेमलेल्या समितीतल्याच एका सदस्याने. काउंटीच्या वकिलांच्या फौजेने नव्हे.

मग दोन्ही बाजूंनी ही चूक आपापल्या गोणीत भरली. बघा, कोणी एक जबाबदार नसला की असं होतं, म्हणून निवडून आलेला कार्यकारी हवा, असं एक बाजू म्हणणार. घाईचं हेच फळ, असं दुसरी. मला दोन्ही अपुरं वाटतं. कारण प्रश्न कारकुनाचा असला तरी कारकुनीपुरता नाही. सातबारा म्हणजे मालकी नव्हे, हे आपली कोर्टं सांगत आली आहेत. हक्क खरेदीखताने येतो, नोंद ही नोंदच. त्या न्यायाने ‘जे’चा हक्क 2020 मध्येच पक्का झाला. पण 2024 मध्ये लोकांनी जो मजकूर मंजूर केला, त्यात तो नव्हता, आणि मंजूर करणारेही तेच लोक. आईच्या हाताने दिलेलं तिच्याच हाताने काढून घेतलं, आणि तिला पत्ताच नाही. अशा वेळी तिचा शब्द कोणता धरायचा? तिने सही केलेला, की तिच्या मनातला?

आणि वाचलं असतं तरी काय दिसणार होतं? मी तर टेबलावर बसून चष्मा लावून वाचलं होतं. लिहिलेलं खोडलं तर काट दिसते. मुळात चढवलंच नाही, त्याची जागासुद्धा रिकामी दिसत नाही. लोकांनी स्वतःची सनद स्वतः लिहायची या कल्पनेवर माझा जीव आहे, पण तिच्यात एक गृहीत धरलेलं असतं, की कोणीतरी पगारी माणूस प्रत्येक मतदानानंतर वही उघडून आजवरचं सगळं तीत चढवतो. त्या माणसाला निवडणूक नसते, टाळ्याही नसतात.

बातमी आल्यावर पुतण्याचा फोन आला. ‘जे’लाही त्याने होय म्हटलं होतं. उपाय चाचपणं सुरू झालंय म्हणाला: पुन्हा मतदान, कोर्ट, राज्याचा कायदा. मग जरा थांबून, “पण काका, माझं 2020 चं मत गेलं कुठे?”

मी त्याला दीड एकराची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांनी फेरफार झाला तेव्हा त्यावर तारीख खरेदीची नव्हती, त्या दिवसाची होती. वडिलांनी दोनदा वाचून पाहिलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.